शंका घेणारे घरचेच

बायबलबद्दल अवघड प्रश्न विचारला की नोएडात दोन उत्तरं हमखास मिळतात. रविवारच्या उपासनेनंतर चहा घेताना विचारला, तर कुणीतरी वडीलधारे खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘विश्वास ठेवा, फार खोलात जाऊ नका.’ तोच प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघाला, तर विसंगतींची लांबलचक यादी येऊन आदळते. खाली शेरा : असल्या पुस्तकावर शहाणा माणूस विश्वास ठेवेलच कसा? ज्यांनी ठेवला ते तांदळाच्या पोत्याला भुलले. या दोन्ही मंडळींचं एकमेकांशी पटत नाही, पण गृहीत मात्र एकच : प्रश्न आणि श्रद्धा एका घरात नांदत नाहीत. ते गृहीत खोडायला परदेशी पुरावा आणायची गरज नाही. तो याच उत्तर प्रदेशात आहे, आणि आहे मराठी.

नीळकंठशास्त्री गोरे 1825 साली झाशीकडे जन्मले, काशीत वाढले. चित्पावन घराणं, शास्त्राध्ययन पक्कं. कंपनी सरकारचा अधिकारी जॉन म्यूर यानं 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा ग्रंथ चक्क संस्कृतात लिहिला, तेव्हा त्याला संस्कृतातूनच तिघांनी उत्तरं दिली. पहिलं उत्तर सोमनाथ या नावानं आलं. ते सीहोरच्या सुबाजी बापूंचं मानलं जातं. दुसरं बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचं. तिसरा ग्रंथ 1844-45 मधला, तरुण नीळकंठशास्त्र्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. त्यातले आक्षेप आजच्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी धारदार आहेत. चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला न संपणारा नरक, हा कुठला न्याय? पूर्वजन्म नाही म्हणता, तर जन्मतःच कुणाच्या वाट्याला दुःख आणि कुणाच्या वाट्याला सुख येतं, याची जबाबदारी देवावर येते की नाही?

हाच माणूस काशीतल्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालत राहिला आणि 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला त्यानं बाप्तिस्मा घेतला. पोत्याचा हिशेब इथे कुणी लावून दाखवावा. शास्त्र्याची प्रतिष्ठा, आप्त, जात, सगळं पणाला लावून हा सौदा झाला होता. ‘खोलात जाऊ नका’ म्हणणाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावं : गोरे आत आले ते प्रश्नांच्याच वाटेनं, आणि आत आल्यावर त्यांच्या शंका मिटल्या असंही झालं नाही. पुढे ते नेहेम्या गोरे या नावानं पाद्री झाले, 1895 मध्ये मुंबईत वारले. पण शंकांनी त्यांची पाठ सोडली नव्हती, आणि अनंतकाळच्या शिक्षेचा प्रश्न त्यातला ठळक होता. काशीत ज्यावर बोट ठेवलं होतं, तो काटा ते अंगावर झगा चढल्यावरही वागवत होते. पण तेवढ्यासाठी त्यांनी वेदीपुढे उभं राहणं सोडलं नाही.

आता ती यादी. तिच्यातल्या पुष्कळ नोंदी खऱ्या आहेत, आणि त्या नाकारणाऱ्या पाळकांचं मला नवल वाटतं. मत्तय योसेफाच्या बापाचं नाव याकोब सांगतो, लूक एली सांगतो. यहूदानं गळफास घेतला असं मत्तय म्हणतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडा, तर तो पालथा पडून पोट फुटून मेला. रिकाम्या कबरेपाशी मत्तयाला एक देवदूत, मार्कला एक तरुण, लूकला दोन पुरुष, योहानाला दोन देवदूत. मार्कच्या सोळाव्या अध्यायातली शेवटची बारा वचनं सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. हे काही शत्रूनं शोधून काढलेलं गुपित नव्हे. आजच्या बऱ्याच आवृत्त्यांत त्याची तळटीप असते.

पण यादी करणारा इथून जी उडी मारतो, ती फसते. विसंगती झाकायची असती तर साधन हाताशी होतं. दुसऱ्या शतकात तातियानानं चारही शुभवर्तमानं एकत्र विणून एकच सलग कथा तयार केली. सिरियाकडच्या मंडळ्यांत ती पाचव्या शतकापर्यंत वाचलीही जात होती. तरी चर्चनं अखेर चार वेगळे, एकमेकांशी न जुळणारे साक्षीदार तसेच ठेवले. मार्सियननं आणखी सोपा उपाय सुचवला होता : जुना करारच टाकून द्या. दुसऱ्या शतकातच त्याला रोमच्या मंडळीनं बाहेर काढलं. बनाव करणारे लोक असे वागत नाहीत. चौघांची जबानी शब्दाला शब्द जुळली की फौजदारालाही संशय येतोच. यावरून पुनरुत्थान सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. यादीनं ते असिद्ध होत नाही, एवढंच.

‘विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांना मात्र त्यांचंच पुस्तक पुन्हा वाचायला द्यावंसं वाटतं. ईयोब देवाला जाब विचारतो, आणि शेवटी देव रागावतो तो त्याच्यावर नव्हे, देवाची तरफदारी करणाऱ्या त्याच्या मित्रांवर. हबक्कूकाचं पुस्तक तक्रारीनंच उघडतं. थोमाला जखमा पाहिल्याशिवाय पटत नाही, तर त्याला हाकलून न देता जखमा दाखवल्या जातात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर याहून जवळचं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, अथनासियन मतांगिकारातली शापवाणी यांवर प्रश्नांची झोड उठवली. तिथल्या सिस्टर जेराल्डिननी त्याला गर्व म्हटलं. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांनी मात्र पत्रामागून पत्र लिहून वाद चालू ठेवला. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत रमाबाई भांडल्या. हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला. तो वाचताना जेराल्डिनची चीड येते, पण गंमत ही की रमाबाईंची पत्रं तिनंच जपून संग्रहित केली!

यावर कुणी म्हणेल, तुमचे गोरे-रमाबाई विद्वान. साध्या माणसानं प्रश्न विचारला तर तो गोंधळेल. मला उलटं दिसतं. नोकरीसाठी नगरहून, वसईहून इकडे आलेली मुलं संगणकावर दिवसभर चुका शोधायचं काम करतात. रविवारी तासभर तीच बुद्धी बाहेर ठेवा म्हटलं तर ती हसून सोडून देतात, आणि हळूहळू येणंच सोडतात. त्यात इथला धर्मांतरविरोधी कायदा. यमुनेपलीकडे दिल्लीत असा कायदा नाही. नदीच्या या काठाला 2021 च्या अधिनियमानं धर्मांतराच्या साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि 2024 च्या दुरुस्तीनंतर तक्रार कुणीही करू शकतो. जबरदस्ती रोखायला कायदा हवा हे मान्य. पण हिंदू शेजाऱ्यानं सहज ‘तुमचा देव तीन की एक?’ विचारलं, तरी उत्तर देणारा आधी दाराकडे बघतो. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांना भर गर्दीत असले प्रश्न घालत होते, आणि लोक ऐकायला जमत होते.

राहता राहिला सगळ्यांत अवघड प्रश्न. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात अमालेक्यांच्या तान्ह्या बाळांसकट सगळ्यांना मारायची आज्ञा देवाच्या नावानं दिली जाते. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला पुरत नाही. देव काळाचा गुलाम असेल तर मग बोलायलाच नको. ‘देवाची लीला अगाध’ हे तर त्याहून लंगडं. ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी हा अध्याय मेळ खात नाही, आणि व्यासपीठावरून तसं स्पष्ट सांगावं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या मुलीबायांना कळेल अशा मराठीत रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल उतरवलं. त्या 1922 मध्ये गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. शमुवेलाचा तो अध्याय त्यात आहे.