इशारा बंद करू नका, कारण लिहा

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, सी भाषेत फंक्शनने घेतलेला पॅरामीटर कुठेच वापरला नाही, तर कंपायलर इशारा देऊ शकतो. मुलं पटकन तो इशाराच बंद करून टाकतात. माझ्या मते हे बरोबर नाही. समजा, क्षेत्रफळ काढताना लांबीलाच लांबीने गुणलं, तर 'रुंदी वापरली नाही' हा इशाराच चूक पकडून देतो. कधी मात्र फंक्शनचा साचा आधीच ठरलेला असतो, नको असलेला पॅरामीटरही घ्यावाच लागतो. तेव्हा सी-२३ मध्ये फक्त त्या पॅरामीटरच्या आधी, दुहेरी चौकटी कंसात 'मेबी_अनयूज्ड' लिहावं. वाचणाऱ्याला कळतं, हे विसरलेलं नाही, मुद्दाम सोडलंय. म्हणून मुलांना उपाय सांगण्याआधी एवढंच विचारा, "इशारा का आला?"