सायकलींसाठी नवा रस्ता नको, जुना राखावा



मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गाच्या चौपदरीकरणामुळे कोकणच्या प्रवासातील किती तास वाचणार, याची चर्चा गेली अनेक वर्षे वृत्तपत्रांतून भरपूर झाली. परंतु या कामात जेथे वळणे सरळ करण्यात आली आणि जेथे नद्यांवरील जुन्या पुलांशेजारी नवे पूल उभे राहिले, तेथे मागे उरलेल्या जुन्या रस्त्याच्या तुकड्यांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. चिपळूण, सावर्डे, आरवली आणि संगमेश्वर या पट्ट्यापुरते त्याला एक उत्तर आहे: हे तुकडे मोटारींसाठी बंद करावेत, ते नदीकाठच्या ग्रामीण रस्त्यांना जोडावेत आणि त्यांतून सलग असा सायकल-पर्यटन मार्ग सिद्ध करावा.

सायकल-पर्यटन म्हणजे शर्यत नव्हे, किंवा शहरातील सकाळचा व्यायामही नव्हे. सामानाच्या पिशव्या सायकलीला लावून, दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर अंतर कापीत, वाटेतील गावी मुक्काम करीत चाललेला तो प्रवास असतो आणि त्याची पहिली गरज गुळगुळीत रस्ता ही नसून, मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती नसणे ही असते. युरोपात या प्रकारच्या प्रवासाचा सर्वांत परिचित मार्ग डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत जातो. त्याचा मोठा भाग सायकलींसाठी बांधलेलाच नव्हता. प्रवाहाविरुद्ध नावा ओढून नेणाऱ्या घोड्यांसाठी काठाने जी वाट राखली जाई, ती वाफेच्या बोटी आल्यावर निरुपयोगी झाली आणि पुढे तिच्यावरूनच मेल्कचा मठ किंवा क्रेम्सचे जुने शहर पाहावयास निघालेले सायकलस्वार जाऊ लागले. इंग्लंडमधील ब्रिस्टल ते बाथ हा मार्गही बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागेवर साकारला आहे. एका वाहतुकीने टाकून दिलेली वाट दुसऱ्या, संथ वाहतुकीसाठी वेळीच राखून ठेवणे, हेच या उदाहरणांचे मर्म आहे. कोकणात ती टाकून देण्याची वेळ नेमकी आज आलेली आहे.

सावर्डे हे वाशिष्ठी आणि शास्त्री या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधील गाव असल्याने अशा मार्गाचा मध्य तेथे सहज कल्पिता येतो. उत्तरेस वीसेक किलोमीटरवर चिपळूण, गोवळकोटचा किल्ला आणि तेथून दाभोळपर्यंत जाणारी खाडी आहे. गावाजवळच डेरवण येथे शिवचरित्रातील प्रसंग शिल्परूपाने मांडणारी शिवसृष्टी आहे. दक्षिणेस आरवलीचे आणि तुरळ-राजवाडीचे गरम पाण्याचे झरे आहेत. आणि आरवलीहून महामार्ग सोडला की गडनदीच्या सोबतीने माखजनच्या जुन्या बाजारपेठेकडे जाता येते. पुढे शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावर संगमेश्वर आहे, जेथील कसबा गावात कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि जेथे 1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज मोगलांच्या हाती लागले. राज्याच्या 2025 च्या अर्थसंकल्पात या ठिकाणी महाराजांचे स्मारक उभारण्याची घोषणा झाली आहे. स्मारकाला वाहनतळ असेल यात शंका नाही. तेथपर्यंत पायी किंवा सायकलीने निर्धास्त पोहोचता येईल काय, याचा विचारही त्याच आराखड्यात व्हावयास हवा.

कोकण म्हणजे चढउतारांचा मुलूख, तेथे हॉलंडच्या सपाटीची नक्कल चालणार नाही, हा आक्षेप प्रथम घेतला जातो आणि तो घाटरस्त्यांपुरता खराही आहे. मात्र नदीचे पात्र आणि खाडीचा काठ यांना तो लागू पडत नाही. भरतीचे पाणी थेट गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत चढते, आणि एके काळी गलबते शास्त्रीतून संगमेश्वरापर्यंत येत असत. समुद्रापासून इतक्या आतपर्यंत गलबत येत होते, याचाच अर्थ त्या काठची जमीन समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. शिवाय खाडीकाठी खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध असतात, ज्यांच्या देखभालीसाठी राज्यात खारभूमी विकासाचा 1979 चा स्वतंत्र कायदा आहे. या बांधांची डागडुजी करताना त्यांचा माथा थोडा रुंद आणि टणक ठेवला, तर डॅन्यूबकाठच्या वाटेचा कोकणी अवतार काही ठिकाणी तरी मिळू शकेल. पाखाड्यांचा, म्हणजे वाडीतून उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटांचा, उपयोग मात्र सायकलीला होणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप पावसाचा आणि पुराचा. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, आणि माखजनच्या बाजारपेठेत गडनदीचे पाणी शिरणे ही तर नेहमीची बाब आहे. पण पूररेषेत जे बांधू नये, त्यात इमारती आणि भराव येतात. पावसाळ्यात बंद राहणारी आणि पाणी ओसरल्यावर साफ करून पुन्हा खुली होणारी अरुंद वाट त्यात येत नाही. मुळात कोकणातील सायकल-प्रवासाचा हंगाम दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचाच आहे.

भूसंपादनाचा प्रश्न येथे जवळजवळ उद्भवत नाही, कारण उरलेले तुकडे सरकारी मालकीचेच आहेत आणि त्यांना जोडणारे ‘इतर जिल्हा मार्ग’ व ‘ग्रामीण मार्ग’, म्हणजे रस्त्यांच्या सरकारी वर्गवारीतील सर्वांत खालच्या दोन पायऱ्या, जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहेत. या जोडरस्त्यांवर मोटारी पूर्ण बंद करणे शक्यही नाही आणि न्याय्यही नाही; तेथे वेगमर्यादा, गतिरोधक आणि मार्गदर्शक पाट्या एवढे पुरे. पाट्यांचीही सोपी पद्धत उपलब्ध आहे. बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतात 1995 मध्ये ह्यूगो बोलेन या खाणकाम अभियंत्याच्या कल्पनेतून प्रत्येक तिठ्याला क्रमांक देण्यात आला, त्यामुळे प्रवाशाने केवळ चार-पाच आकडे कागदावर टिपून घ्यावेत आणि त्या क्रमाने जात राहावे. ही पद्धत पुढे नेदरलँड्समध्येही रुजली. क्रमांकांच्या पाट्यांसाठी फार मोठा खर्च येत नाही. खर्च येतो तो कंत्राटदाराला आवडणाऱ्या कामांना, आणि कदाचित म्हणूनच अशा योजना मागे पडतात.

पुण्याचा अनुभव या संदर्भात लक्षात ठेवावा. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात 2006 नंतर मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकलपट्टे बांधण्यात आले, परंतु त्यांतील अनेक ठिकाणी आज दुचाक्या उभ्या असतात किंवा टपऱ्या थाटलेल्या दिसतात, कारण मोठ्या रस्त्याला चिकटलेली मोकळी जागा आपल्याकडे फार काळ मोकळी राहात नाही. महामार्गाच्या जुन्या तुकड्यांचीही गत याहून वेगळी होणार नाही. त्यांवर खडी-वाळूचे ढीग आणि नादुरुस्त वाहने येऊन पडण्याआधी दोन्ही तोंडांना मोटार जाणार नाही अशा अंतराने दगडी खांब रोवणे, ही या योजनेची पहिली पायरी ठरते.

हा मार्ग केवळ पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांसाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. सावर्डे येथे सह्याद्री शिक्षण संस्थेची शाळा-महाविद्यालये आहेत आणि आसपासच्या वाड्यांतून तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांना चार पदरी काँक्रीटच्या रस्त्याच्या कडेने सायकल चालवणे सुरक्षित वाटावे, अशी आजची स्थिती नाही. ज्या वाटेवरून हंगामात पर्यटक जाईल, तिच्यावरूनच वर्षातील बहुतेक दिवस शाळेची मुले जातील, आणि ती वाट राखण्यात ग्रामपंचायतींना रस वाटावयाचा तर तो मुलांमुळेच वाटेल. पर्यटकाच्या बाजूने पाहता, मोटारीने गोव्याकडे धावणारा प्रवासी माखजनला थांबत नाही. सायकलवाल्याला मात्र दुपारी घावन-उसळ, संध्याकाळी गरम पाणी आणि रात्री अंथरूण लागतेच. कोकण रेल्वेचे सावर्डा हे स्थानक आहे. तेथे थांबणाऱ्या गाड्यांत सायकल नेण्याची साधी, ठरलेल्या दराची सोय झाली, तर मुंबईकराला मोटार आणण्याचे कारणही उरणार नाही.

शेवटी खाड्यांचा प्रश्न उरतो. दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ या फेरीबोटींमुळे गुहागरच्या दोन्ही बाजूंच्या खाड्या सायकलस्वाराला सुखाने ओलांडता येतात आणि चिपळूण–संगमेश्वर पट्टा किनाऱ्याशी जोडला जाऊन एक मोठे वर्तुळ पूर्ण होते. रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल प्रस्तावित आहेत. पूल झाल्यावर फेऱ्या तोट्यात जाऊन बंद पडण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने या पुलांच्या आराखड्यातच कठड्याने वेगळी केलेली सायकलींची आणि पादचाऱ्यांची मार्गिका धरावी, आणि ती धरली आहे किंवा नाही हे जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी काम पुढे सरकण्यापूर्वी जाहीरपणे विचारावे.

— एक वाचक, सावर्डे (ता. चिपळूण, जि. रत्नागिरी)