स्मृती जपावी कशी?

तळेगाव (श्यामजी पंत) येथील आमचे वैद्यमित्र दिवंगत झाले. हारतुऱ्यांऐवजी त्यांच्या नावे वनौषधींची सचित्र कार्डे काढावीत, असे आमचे मत आहे. आरंभ गुळवेलीने व्हावा. गुळवेल सुरक्षित आहे, परंतु तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असे आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. गुळवेलीचे खोड हिरवट व चीक नसलेले; दुसरीचे करडे, गाठाळ व दुधाळ चिकाचे. वनस्पतींचे नाव-रूप गुराखी, मेंढपाळ जाणतात, असे चरकसंहितेचे सूत्रस्थान सांगते. आज वैद्यांनाच ते अपरिचित होत आहे. आमचे मित्र विद्यार्थ्यांना रानात नेऊन हाच भेद दाखवीत. कार्डावर त्यांचे छायाचित्र नको. वेलीचे अचूक चित्र व तळाशी त्यांचे नाव पुरे. एका रुग्णाच्या काढ्यात चुकीची वेल पडली नाही, तरी ती खरी श्रद्धांजली होय.