गर्भिणीचे उदरशस्त्रकर्म आणि नसबंदी : संमती कोणाची?

आंत्रपुच्छशोथ किंवा बीजकोषाला पडलेला पीळ अशा कारणांनी गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतही उदर उघडण्याचा प्रसंग येतो. देवगड तालुक्यातील अशी रुग्णा पोटशूळाची तक्रार घेऊन पुष्कळदा प्रथम आपल्यापैकीच कोणाकडे येते, आणि आपण तिला कणकवली, ओरोस किंवा थेट बांबोळीला पाठवितो. तिला आधीची दोन मुले असतील तर गाडी येईपर्यंत घरचे कोणीतरी सुचविते, "डॉक्टरानु, पोट उघडतलातच, तर ता ऑपरेशन पण करून टाका." 'ता ऑपरेशन' म्हणजे बीजवाहिनीबंधन, हे येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

सूचना अव्यवहारी नाही. भूल एकदाच, खर्च एकदाच. ऐन आंब्याच्या हंगामात पुन्हा अंथरूण धरणे बागेत राबणाऱ्या घराला परवडत नाही, हे आपण जाणतो. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते शस्त्रकर्माच्या दाराशी घेतलेला हा निर्णय बहुधा चुकीचा असतो.

प्रथम वैद्यकीय बाजू. उदरात पू झाला असेल तर नसबंदी पुढे ढकलावी, हा मान्य संकेत आहे. त्याहून महत्त्वाचा गर्भ. शोथ व शस्त्रकर्म यांमुळे गर्भपाताचा संभव वाढतो. पीतपिंड असलेला बीजकोष पहिल्या आठ-दहा आठवड्यांत काढावा लागला तर गर्भ टिकविण्यासाठी बाहेरून प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते. म्हणजे जे मूल होणार या हिशेबाने पुढचा मार्ग बंद केला, ते होईलच याची त्या दिवशी शाश्वती नसते. उलट प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत हेच बंधन लहानशा छेदातून सुलभतेने होते. सहा-सात महिने थांबल्याने फारसे काही बिघडत नाही.

दुसरी बाजू संमतीची. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निर्णय प्रत्येक वैद्याने वाचावा असा आहे. तपासणीसाठी दुर्बीण घालण्यास रुग्णेने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोष काढण्यात आले. एका कर्मासाठी दिलेली संमती दुसऱ्यास लागू होत नाही, प्राण वा आरोग्य वाचविण्यासाठी विलंब अशक्य असेल तेवढाच अपवाद, असे न्यायालयाने ठरविले. त्या निकालात १९४९ चा एक कॅनडियन खटला उद्धृत आहे. सिझेरियनच्या वेळी गर्भाशयात गाठी दिसल्या, पुढील गर्भारपण धोक्याचे ठरेल म्हणून डॉक्टरांनी बीजवाहिन्या बांधल्या, आणि ते दोषी ठरले. हेतू चांगला होता, निकड नव्हती.

शासकीय मानकांनुसार नसबंदीची संमती दडपणाखाली किंवा गुंगीत घेता येत नाही आणि पतीची स्वाक्षरी आवश्यक नाही. शूळाने तळमळणारी स्त्री गुंगीत नसते, हे खरे. पण ती शांतपणे विचार करू शकते असे कोण म्हणेल?

आपल्या संहितांना अनुज्ञेचा विचार नवा नाही. अश्मरी आणि मूढगर्भ या दोन्ही ठिकाणी सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी अधिपतीला विचारण्यास सांगितले आहे; उदररोगात विषप्रयोगापूर्वी आप्त, भार्या, राजा, गुरू यांना सांगण्याचे चरकाने म्हटले आहे. वैद्याने एकट्याने निर्णय घेऊ नये, हे त्यातले मर्म आजही ग्राह्य आहे. परंतु तो अधिपती आज रुग्णा स्वतः आहे, हे मानण्यास आपल्यातील काही ज्येष्ठ अजून कचरतात. २०२० मध्ये शल्य व शालाक्य पदव्युत्तरांसाठी ५८ शस्त्रकर्मांची सूची निघाली, तेव्हा अधिकाराची चर्चा उदंड झाली. संमतीची तितकी झाली नाही.

(पतीच्या नसबंदीचा विषय त्या अर्ध्या तासात कोणी काढीत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रीनसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषांचे ०.३ टक्के होते.)

स्त्रीने आधीच पूर्ण विचारांती मागणी केली असेल, आणि शल्यचिकित्सकाला वैद्यकीय अडचण दिसत नसेल, तर तिला दुसऱ्या खेपेस बोलावणे हाही अन्यायच. म्हणून हा प्रश्न गर्भिणीच्या पहिल्या एक-दोन भेटींत, सासूला बाहेर बसवून, तिलाच विचारावा. उत्तर तिच्या कागदावर तिच्या शब्दांत लिहावे. कधी तिला तातडीने पाठवावे लागलेच, तर चिठ्ठीत एक ओळ जोडावी : नसबंदीविषयी रुग्णेशी बोलणे झाले आहे, किंवा झालेले नाही.