आकडा चूर्णाचा, लेबल घृताचे

त्रिफलाघृताच्या काही माहितीपत्रकांवर ‘फिनॉलिक अँटिऑक्सिडंट’ हे शब्द ठळकपणे छापलेले दिसतात. सोबतचा आकडा मात्र आवळा-हिरड्याच्या चूर्णाचा असतो, सिद्ध घृताचा नव्हे. यास आमचा आक्षेप आहे. गॅलिक आम्लासारखी द्रव्ये जलात सहज उतरतात, स्नेहात अल्पच. एक भाग कल्क, चार भाग घृत, सोळा भाग द्रव या सामान्य प्रमाणाने पाक केला की जलांश आटतो, फेन शमतो, आणि गाळताना या द्रव्यांचा बराच वाटा कल्कासह फडक्यातच राहत असणार. हळदीचे तसे नाही. तिच्यातील कर्क्युमिन जलात जवळजवळ अविद्राव्य, पण स्नेहात विरघळते आणि दुधातील केसीनशी बांधले जाते. तेव्हा चूर्णावरून घृताचे अनुमान काढणे अशास्त्रीय होय.

त्रिफलाघृत निष्फळ आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याची कार्मुकता अशा आकड्यावर कधी तोललीच गेली नव्हती. परंतु आकडा छापायचाच, तर औषधनिर्मात्यांनी तयार घृत तपासावे, आणि त्याबरोबर पेरॉक्साइड मूल्यही, भरतेवेळी व मुदत संपत आली असता. (पुराणघृताचा आधार घेऊन खवटपणा झाकू नये, तो विषय निराळा.) वैद्यांनीही मागणी नोंदविताना त्या बॅचचा अहवाल मागावा.