तपासणी झाली, पुढे काय?

नरडाण्याचा विषय निघाला की विकासाची भाषा आपोआप ओठांवर येते. मुंबई-आग्रा महामार्ग आहे, सुरत-भुसावळ लोहमार्ग आहे, औद्योगिक वसाहत आहे. धुळे-नरडाणा लोहमार्गाची पायाभरणी २०१९ मध्ये झाली. रूळ टाकण्यापूर्वी प्रत्येक पूल, प्रत्येक वळण कागदावर आखले जाते. ते योग्यच आहे. परंतु याच परिसरातील एखादे बालक दीड वर्षाचे होऊनही स्वतःच्या बळावर बसत नसेल, तर त्याच्या पुढच्या सहा महिन्यांचा मार्ग कोणी आखायचा? हा प्रश्न विचारला की सारे खाते एकमेकांकडे पाहू लागते.

नियमांची वाण आहे, असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वादींची कमतरता आणि विकासातील विलंब हे सारे हुडकण्यासाठी वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जावे, असे त्यात ठरले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक बालकाची वर्षातून एकदा तरी तपासणी सांगितली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही घोषित केली. मग अडते कुठे?

अडते ते तपासणीच्या दुसऱ्या दिवशी. पथक येते, दोष ओळखते, चिठ्ठी लिहिते आणि निघून जाते. समजा, ती चिठ्ठी एका शेतमजूर मातेच्या हाती पडली. नवरा कामासाठी सुरतेस, घरी दुसरे लेकरू, कापूस वेचणीचे दिवस. धुळ्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, वर बसचे भाडे. व्यायामोपचाराचा वार एक, वाचोपचाराचा दुसरा. ती पहिल्यांदा जाईल, दुसऱ्यांदाही जाईल. तिसऱ्या खेपेस तिचा धीर सुटेल. नोंदवहीत मात्र ‘पुढे पाठविले’ असा शेरा पडलेला असेल. कागदावर काम पूर्ण आणि घरात कामाचा प्रारंभही नाही! यालाच आपण सेवा म्हणणार आहोत काय?

बालकाचे वय फायलीसाठी थांबत नाही. मेंदूची घडण पहिल्या तीन वर्षांत ज्या वेगाने होते, तो वेग पुन्हा लाभत नाही. ऐकू न येणाऱ्या बालकाची दोन वर्षे वाया गेली, तर भाषेचा पायाच कच्चा राहतो. मेंदूच्या पक्षाघाताने ताठरलेले पाय वेळेवर हाताळले नाहीत, तर सांधे आखडतात. कायद्याने शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून दिला. पण सहाव्या वर्षी शाळेच्या दारात उभे राहण्याची तयारी ज्या वर्षांत व्हायची, ती वर्षेच निराधार आहेत.

अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने तीन वर्षांखालील अशा बालकाच्या कुटुंबासाठी लेखी योजना ठरविली. बालकास आज काय येते, कुटुंबाची अपेक्षा काय, कोण, कोठे, किती वेळा येणार, हे सारे त्यात असते. दर सहा महिन्यांनी तिचा फेरविचार होतो आणि सेवा शक्यतो घरीच मिळते. तिकडचे सारे आपण उचलावे असे नाही. परंतु एक पानाची योजना करण्यास कोणती परकीय विद्या लागते? ठरलेल्या वारी उपचारतज्ज्ञ नरडाण्यात यावा. घास भरविताना मूल कसे धरावे, भाकरी थापताना त्याच्याशी काय बोलावे, हे त्याने मातेस तिच्या अहिराणीत दाखवावे. ‘सेविकांवर आणखी ओझे?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्यासाठी वेगळी, प्रशिक्षित व्यक्ती हवी आणि खर्चात वसाहतीतील उद्योगांनी आपल्या सामाजिक दायित्व निधीतून वाटा उचलावा.

शासनाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. ‘त्याचा मामाही उशिराच बोलला’ म्हणत वर्ष घालविणारे आपणच. पूर्वजन्मीचे भोग म्हणून मातेला दोष देणारेही आपणच. ज्या परंपरेत आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचा अष्टावक्र राजा जनकाचा गुरू होतो, त्या परंपरेचे नाव घेऊन अपंगत्वाला पाप ठरविणे हा परंपरेचाच अपमान आहे.

नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये मतिमंद मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ उभी केली, ती पोटच्या मुलाच्या निमित्ताने. त्यांच्यापुढे मस्तक नमते. पण प्रत्येक मातेने संस्था उभारावी तेव्हाच तिच्या लेकरास उपचार मिळावेत, ही समाजरचना नव्हे. सामान्य मातेला सामान्य दिवशी, घराजवळ साहाय्य मिळणे हीच खरी कसोटी.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा : गेल्या तपासणीत आपल्या गावची किती बालके सापडली आणि त्यांपैकी किती जणांवर आज उपचार सुरू आहेत? दुसरा आकडा मिळेपर्यंत खाली बसू नका.