कान्हेरीला जाताना



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी गेलेली आपल्या भागातील बरीच मंडळी दुसऱ्या दिवशी कान्हेरी लेणी पाहूनच परततात. चांगलीच गोष्ट आहे. परंतु निघण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. ही लेणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी पोटात आहेत. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फुलझाडे आणि चार बाकडी येतात. हे मात्र सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आहे आणि त्यात बिबटे राहतात.

थेट गावाहून जाणाऱ्यांसाठी कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. सकाळी दादरला उतरावे, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची बोरिवली लोकल धरावी आणि बोरिवलीला पूर्वेकडे बाहेर पडावे. उद्यानाचे प्रवेशद्वार तेथून चालत जाण्यासारखे आहे. सोमवारी उद्यान बंद असते. ७ डिसेंबरला सोमवार आला तर बायकापोरांना घेऊन दारापर्यंत जाऊन परत फिरण्यात अर्थ नाही.

प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे ६ किलोमीटर आत. उद्यानाची बस तेथवर जाते. भाड्याने सायकलीही मिळतात, पण वाटेत चढ आहे, म्हणून तो मार्ग तरुणांनीच धरावा. माझे स्पष्ट मत असे की आधी कान्हेरी, मग सफारी वगैरे. बहुतेक लोक उलट करतात. दुपार टळल्यावर लेण्यांपाशी पोहोचतात, घाईने पायऱ्या चढतात आणि अंधार पडू लागला की बसच्या मागे धावतात. बसमधून उतरताच परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते विचारून ठेवावे आणि तिच्या आधीची बस पकडावी.

बिबट्या सहसा माणसाला टाळतो. त्याचा वावर अधिक संध्याकाळी आणि रात्री. तरीही जथ्याने चालावे, मुलांना मध्ये घ्यावे, बोलत जावे. झुडपाआड एकट्याने बसायला जाऊ नये, विशेषतः मुलांनी. वाकलेला, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये. ताठ उभे राहावे, मूल कडेवर घ्यावे आणि सावकाश मागे सरावे. पायवाट दिसली म्हणून जंगलात शिरणे नको. शिलोंड्यासारख्या वाटांवर परवानगी आणि मार्गदर्शक घेऊनच जातात.

खरे सांगायचे तर रोजचा उपद्रव माकडांचा. भाकरीचे गाठोडे हातात दिसले की संपले. पिशवी बंद ठेवावी आणि माकडांना काही देऊ नये. उरलेले अन्न टाकूनही येऊ नये; उकिरड्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचे वेगळे तिकीट आहे. एकाच डोंगरावर शंभराहून अधिक लेणी! इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्खूंचा वावर होता. कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे लेख भिंतींवर आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह खालीच आहे. त्याच्या व्हरांड्यात तथागतांच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. ज्येष्ठांनी हे आणि अकराव्या क्रमांकाचे लांब दगडी बाकांचे सभागृह शांतपणे पाहिले तरी सार्थक झाले. आपल्या हुपरीत दिवसभर मांडी घालून चांदीकाम करणाऱ्यांचे गुडघे मला ठाऊक आहेत. वरच्या लेण्यांचा हट्ट त्यांनी धरू नये.

वर जाणाऱ्यांनी पकड असलेली पायताणे घालावीत. पायऱ्या खडकातच कोरलेल्या, झिजलेल्या आहेत. विहारांलगत पाण्याची टाकी आहेत, त्यांना जुन्या लेखांत पोढी म्हटले आहे. पावसाचे पाणी साठवण्याची ही सोय मुलांना अवश्य दाखवावी, पण हात धरून. काठ निसरडा आणि पाणी किती खोल ते वरून कळत नाही. पावसाळ्यात तर खडकावर शेवाळ असते आणि ओढा बघता बघता भरतो, तेव्हा त्यात उतरू नये.

जथ्यातील प्रत्येक मुलाच्या खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी असावी. डोंगराआड मोबाईल लागेलच असे नाही, म्हणून चुकामूक झाल्यास तिसऱ्या लेण्याच्या दारात थांबायचे, हे बसमध्येच सर्वांना सांगून ठेवावे.